धाकटीची वाइन

नाही हो, बाटली नाही चुकली. तीच आहे, दरवर्षी तुम्ही हॉटेलसाठी नेता तीच — लेबल बघा ना. रंग गडद वाटतोय? वाटणारच. बसा आधी, ग्लास असा खाली नका ठेवू. हे मागं पिंपांपाशी आहेत, दार उघडंच आहे, तुम्ही नाक मुरडलेलं दिसलं तर — जाऊ दे. पाणी देऊ?

आठवतंय ना, कशी असायची ही? ग्लास तोंडाशी न्यायच्या आधी चेरीचा वास यायचा. कधी न पिणारी माणसंसुद्धा आणखी घोटभर मागायची. दोन जातींची द्राक्षं आमची — घरात आम्ही त्यांना थोरली आणि धाकटी म्हणतो. धाकटी पातळ, वासाची, जरा नखरेल. थोरली काळीभोर, तुरट, जीभ धरणारी. वाइन खरी धाकटीचीच, थोरली आपली आधाराला. किती घालायची ते ह्यांचं नाक ठरवायचं. मापाचं भांडं म्हणून कधी हातात धरलं नाही — मला राग यायचा, खरंच, केवढा तो तोरा! म्हणायचे, नाक आहे तोवर माप कशाला.

आणि मग तो ताप आला. साधा ताप हो, आठवड्यात उठून कामाला लागले. मला कळलं ते दूध करपलं तेव्हा. मी बाहेर कपडे वाळत घालत होते, तिथपर्यंत वास आला, धावत आत गेले — तर हे शेगडीशेजारी पेपर वाचत बसलेले! म्हटलं, अहो, दूध! तर म्हणाले, ‘लक्षच नव्हतं.’ मीही म्हटलं, होतं असं कधी कधी. दुसरं काय म्हणणार? डॉक्टर? डॉक्टरकडे जायला आधी कबूल करावं लागतं ना! ते कबूल करत नाहीत आणि मी विचारत नाही.

रोज सकाळी दोन्हीकडची ग्लासात काढून मिसळतात, नाकाशी धरतात, डोळे मिटतात — सगळं अगदी पूर्वीसारखं, बघवत नाही मला — आणि घोट घेऊन म्हणतात, ‘पाणचट झालीय.’ लागणारच पाणचट! नाकाला वासच येईनासा झाल्यावर धाकटीत उरतं काय? आंबट पाणी. तुरटपणा तेवढा जिभेला कळतो, म्हणून मिसळणीच्या मोठ्या टाकीत थोरली घालतात. मग आणखी घालतात.

मग मी — हे खरं तर सांगणार नव्हते तुम्हाला. दुपारी ह्यांचा डोळा लागला की मी जायची आणि त्याच टाकीत धाकटी ओतायची. बादलीनं! संध्याकाळी हे चाखणार — ‘अगं, पुन्हा पाणचट कशी?’ — की परत थोरली. दुसऱ्या दिवशी माझी परत बादली. दोघांपैकी कुणी ब्र काढला नाही. परवा धाकटीच्या पिंपाची तोटी फिरवली तर नुसता गाळ आला. धाकटी संपली. पुढच्या तोडणीपर्यंत थेंब नाही. तिथंच पिंपाला टेकून रडले मी, एवढी मोठी बाई. आता करू काय, तुम्हीच सांगा. बोलावं तर माणूस खचतो, गप्प राहावं तर धंदा बसतो, आणि निस्तरायला हाताशी काही ठेवलंच नाही मी.

न्याच, असं नाही म्हणत, भाऊ. नका नेऊ. फक्त ह्यांना सांगताना काहीही कारण सांगा — हॉटेल चालत नाही म्हणा, भागीदार नको म्हणतो म्हणा — चवीचं तेवढं —

अहो, या ना! आपले हॉटेलवाले भाऊ आलेत बघा. काय? वास कसा आलाय विचारताय? सांगतील की. बोला ना, भाऊ. — बरं, मी सांगते. चेरीचा आलाय. दरवर्षीसारखाच, अगदी —

अहो, असे काय बघताय माझ्याकडे? ग्लास मला कशाला देताय? ‘तूच घे वास’ म्हणजे? ‘आता तूच ठरवत जा’ — आता? अहो, आता म्हणताय?

भाऊ, तुम्ही या आता. दार ओढून घ्या जाताना.