निमंत्रण सगळ्यांना एकदम

...आणि वर भाऊकीतले मलाच विचारतात, ‘सूनबाई, शहादेवला आदी कावून?’ आता काय सांगू? तुम्हाला सांगते, निमंत्रणाच्या यादीत थोरल्या बबनरावांचंच नाव पहिलं होतं, पण माझा प्रोग्राम कुणासाठी थांबत नाही!

झालं काय, माझ्या नणंदेचा, मंगलचा साखरपुडा ठरला. मामा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, ‘तू कंप्युटर शिकलेली हायेस, भाऊकीला मेसेज धाड की.’ भाकरीखेरीज मला काही येतं, हे या घरात पहिल्यांदाच कुणाच्या तरी लक्षात आलं होतं... सोडते कशाला? पायथन उघडलं, मेसेज पाठवायची असिंक लायब्ररी घेतली. असिंक म्हणजे पहिला मेसेज पोचला का बघत बसायचं नाही, सगळे एकदम सोडायचे, ज्याचा आधी पोचेल त्याचा पोचेल. कुणासाठी थांबायचं नाही! मामा खूश, ‘लई भारी!’ आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, तर चक्क चहा करून हातात दिला.

तो चहा संपेपर्यंत भाऊकीतल्या सगळ्यात धाकट्या शहादेवकाकांचा फोन वाजला, आणि ते तडक सगळ्यात थोरल्या बबनरावांना, ‘दादा, साखरपुड्याला कवा निघायचं?’

‘कुणाच्या बे?’

...झालं! बबनरावांचा मेसेज अजून रेंज शोधत हिंडत होता. आणि आमच्यात पहिलं निमंत्रण थोरल्या घरी, तो मान! लगेच निरोप, ‘धाकट्याला आदी इचारता? मग त्यालाच बसवा पाटावर, आमी येत न्हाई!’ थोरले चुलतेच नाहीत म्हटल्यावर मुलाकडचे काय म्हणतील? मंगल रडकुंडीला, आत्याबाई माझ्याकडे बघेनात. मी हळूच म्हटलं, ‘मामा, अवेट लावते, म्हणजे एकाचा पोचल्यावरच दुसरा...’

‘काय लावायचं ते मागून लाव, आदी कुकू घिऊन थोरल्या घरी जा!’

गेले. डोक्यावर पदर, हातात कुंकवाची कुयरी. बबनराव म्हणाले, ‘अगं, उन्हाची कावून आलीस? मेसेजला कोण इचारतंय? येतो म्हनावं!’ मिटलं म्हणून परतले, तर कसचं काय... भाऊकीभर फोन! ‘थोरल्याकडं सूनबाई सोता, अन् आमाला नुस्ता मेसेज व्हय?’

म्हणून आता दारोदार हिंडतेय. आधी थोरलं घर, मग मधली, मग धाकटं. प्रत्येक घरी चहा, आणि कप रिकामा झाल्याशिवाय पुढच्या घरी जायचं नाही. शेवटी शहादेवकाकांच्या दारात उभी राहिले, तर म्हणतात, ‘कावून आलीस पोरी? मला तर मेसेज पयलाच आलता की! बरं, चहाला आदन ठिवलंय... थांबतीस का?’

थांबते काका. आता थांबतेच.