नवघरच्या उघाडीतला पेंढा

नाव : रखमाबाई परशुराम मढवी. वय : ६४ वर्षे. धंदा : घरकाम, पूर्वी भातशेती व मिठागरावर मजुरी. राहणार : नवघर गाव, भाईंदर पूर्व. मोबाईल नंबर : स्वतःचा नाही. इतके दिवस मुलाचा नंबर देत होते, तो आज देत नाही.

मी आज पोलीस ठाण्यात कोणी न बोलावता, स्वतःच्या पायांनी येऊन समक्ष जबाब देते की, मी वरील ठिकाणी लग्न होऊन आल्यापासून राहते. मला एक मुलगा आहे, मितेश, वय ३८. तो बायको समीक्षासह मीरा रोडला बेव्हर्ली पार्कमध्ये राहतो. माझे पती परशुराम हे यंदा वटपौर्णिमेनंतर सहाव्या दिवशी वारले. वडाला बांधलेलं सूत अजून सुटलं नव्हतं. लिहून घेणाऱ्या मॅडमना मी सांगितलं आहे की मी बोलते तसं लिहा, आमच्या ह्यांना 'मयत इसम' आणि आमच्या खाडीला 'सदर ठिकाण' करू नका. त्यांनी जमेल तिथे ऐकलं आहे.

गावाच्या मागे बांध आहे. बांधाच्या आत आमचं, म्हणजे गावातल्या सगळ्या भाऊबंदांचं, खाजण, खाडीकाठची खारी जमीन, होतं. माझ्या सासऱ्यांच्या वेळी तिथे भात व्हायचं. पुढे शेती सुटली, खाडीचं पाणी आत खेळायला लागलं आणि तिवरं उगवली. मग सरकारने ती जागा संरक्षित जंगल म्हणून लावली. तेव्हा गावात फार संताप झाला. आमचे हे तर वनखात्याच्या साहेबांना तोंडावर बोलले होते की आमच्या बापाच्या जमिनीत तुमचं जंगल कुठून आलं. पण नंतर साहेबांनी गावाची समिती करून जंगल गावानेच सांभाळायचं असं ठरवलं, तेव्हा हेच अध्यक्ष झाले. ते म्हणायचे, "जमीन ग्येली ती ग्येली, राखन तरी आपल्या हातान हाय."

समितीचे नियम गावाने बसून केले. ओलं लाकूड तोडायचं नाही. डेब्रिजची गाडी बांधावर चढू द्यायची नाही. पावसाळा लागल्यापासून नारळी पौर्णिमेपर्यंत चिंबोरी धरायला कोणी आत शिरायचं नाही, कारण तेव्हा त्यांच्या पोटात अंडी असतात. आणि उघाडी कायम वर ठेवायची. उघाडी म्हणजे बांधातल्या मोरीवरचं लाकडी दार. तिवराला खारं पाणी रोज यावं लागतं आणि रोज जावं लागतं. पाणी साचून राहिलं तर चिखलातून वर आलेल्या मुळ्या बुडतात आणि झाड गुदमरतं. हे आमच्या गावातलं शेंबडं पोरही सांगेल. समिती झाल्यापासून आमच्याकडे डेब्रिजची एक गाडी आली नाही. शेजारी बघा काय झालंय ते, मी सांगायला नको.

बांधावर राखणीला समितीने लवू नावाचा माणूस ठेवला आहे. तो मूळ रत्नागिरीकडचा. आधी शांती नगरला एका सोसायटीत वॉचमन होता. तो आणि त्याची बायको मंदा बांधाच्या तोंडाशी खोली करून राहतात. मंदा चार घरची धुणीभांडी करते. लवू कमी बोलतो आणि सांगितलेलं ऐकतो. त्याच्यावर आज जे आलं आहे ते ऐकण्यामुळेच आलं आहे.

आमच्यात अशी रीत आहे की बांध राखणारा गावकरी, जसे आमचे हे, गेला तर गावाचं सुतक फिटेपर्यंत बांधावर कोणी पाय ठेवत नाही. मीठ असो, भात असो, जंगल असो, बारा दिवस बांध मेलेल्याचा. फक्त जो क्रियेला बसतो तो रोज सकाळी बांधाच्या अलीकडच्या पायरीवर पाणी सोडायला एकटा जातो. त्याच्या मागे कोणी जात नाही आणि वळून कोणी बघत नाही. लवू आमच्यातला नव्हे, त्याला सुतक नाही. तो म्हणाला होता, "मी फेरी मारून येतो, पावसाचे दिवस हायत." तेव्हा माझे धाकटे दीर रामू आणि मी, आम्ही दोघांनी त्याला अडवलं. मी म्हटलं, "बाबा, बारा दिवस त्यांचे त्यांना असू दे." तो खोलीत बसून राहिला. हे मी शपथेवर सांगते.

क्रियेला मितेश बसला होता. रोज सकाळी पांढरा पंचा नेसून, तांब्या घेऊन तो खाडीवर जायचा. यायला वेळ लागायचा. मला वाटायचं, बापाशी दोन शब्द बोलत असेल, जिवंतपणी दोघांचं पटलं नाही. पायरीवर पाणी सोडणाऱ्याचे तळवे भिजतात. मितेशचे पाय गुडघ्याच्या वरपर्यंत काळ्या चिखलाने भरलेले असायचे. मी विचारलं तर म्हणाला, पाय घसरला. दुसऱ्या दिवशीही तेच. क्रियेतल्या माणसाला कोणी खोदून विचारत नाही. मी पंचा घासून घासून धुतला आणि वाळत घातला. खाडीचा चिखल लवकर निघत नाही. मला तेव्हा संशय आला नाही. नवरा गेलेल्या बाईला पंच्यावरचा चिखल दिसतो, पण तो डोक्यात शिरत नाही.

बारा दिवसांनंतर लवू पुन्हा फेऱ्या मारायला लागला. उघाडीचं दार वर होतं, नेहमीसारखं. त्याने ते बघितलं, हृतिकने बघितलं, मीही एकदा बघितलं. हृतिक म्हणजे माझ्या चुलत दिराचा मुलगा, समितीचा सचिव. दार वर आहे म्हटल्यावर पाणी खेळतंय असंच आम्ही धरलं. आत जायला नारळी पौर्णिमेपर्यंत बंदी होती आणि ती आम्ही पाळली. आमचीच शिस्त आमच्या गळ्याशी आली.

नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सहा-सात बाया चिंबोऱ्यांना आत गेलो. आत वास मारत होता. नव्या बिल्डिंगींच्या नाल्याचं आणि पावसाचं पाणी मांडीभर साचलं होतं, वर तेलकट साय. तिवराची पानं पिवळी पडून गळत होती. चिंबोऱ्या काठाला मरून फुगल्या होत्या. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, जणू आमचे हे दुसऱ्यांदा गेले होते. मला तिथेच रडू फुटलं. बारा दिवसांत मी इतकी रडले नव्हते.

हृतिकने मोरीत बुडी मारली. दार वर होतं, पण मोरीच्या पोटात, पाण्याखाली, बोळा ठासला होता. त्याने तो ओढून ओढून काढला. कोणा बाहेरच्याने सिमेंटच्या गोणी टाकल्या असत्या, नाहीतर राडारोडा. हा बोळा भाताच्या पेंढ्याचा होता. पेंढ्याचे जाड दोर वळायचे, त्यात चिकणमाती भरायची आणि टाचेने थरावर थर दाबत जायचं, ही आमच्या घरची पद्धत. सासऱ्यांनी ह्यांना शिकवली, ह्यांनी मितेशला. पूर्वी भात वाचवायला, खारं पाणी आत येऊ नये म्हणून असं बुजवायचे. हृतिकला ती येत नाही, लवूने तर कधी पाहिलेली नाही. हृतिकने तो बोळा माझ्या पायाशी टाकला आणि मान खाली घातली. तोही ओळखून होता.

आमचे हे दरवर्षी पावसाआधी बांधाच्या डागडुजीला वसईकडून पेंढा मागवायचे. यंदाचा पेंढा आमच्या पडवीत रचलेला होता. मी घरी येऊन बघितलं तर भिंतीशी नुसती काडी-काडी. मला वाटलं होतं, तेराव्याच्या मांडवात खाली अंथरायला नेला असेल. रामूभावजींना विचारलं, ते म्हणाले मांडवात ताडपत्री होती.

गावाने तक्रार दिली आणि पोलिसांनी लवूला चौकशीला आणलं. गावात जो तो म्हणतोय की बाहेरचा माणूस, बिल्डरने फोडला असेल. ज्यांनी त्याला बारा दिवस खोलीत बसवलं तेही तेच म्हणतायत. काल मंदा माझ्या दारात आली. ती आत आली नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, "काकी, तुमी सांगितलंत म्हणून हे बांधावर गेले न्हायत. आता तुमीच गप्प बसलात तर मी कोणाकडे जाऊ?" मी तिला चहा विचारला. ती नको म्हणाली.

त्यानंतर मी रिक्षा करून बेव्हर्ली पार्कला गेले. मितेश घरी होता. मी समीक्षाला आत जायला सांगितलं आणि विचारलं, "मोरीन पेंडा तू घातलास?" तो आधी म्हणाला, "आई, टेन्शन नको घेऊ, बस तू." मी पुन्हा विचारलं. मग तो बोलला. त्याचं म्हणणं मी जसंच्या तसं सांगते, कारण त्याच्या बाजूनेही लिहिलं गेलं पाहिजे. तो म्हणाला, "ती जमीन आज्याची व्हती. सरकारनी जंगल बोलून लावली आनि बाबा त्याच जंगलाचा वॉचमन झाला. झाडंच न्हाय राहिली तर जंगल कसलं? मग कोर्टान बोलता येल, जमीन आमची हाय. घ्यायला पार्टी तयार हाय. मी कोनाचा खून न्हाय केला." जमीन गेल्याचं दुःख त्याचं खोटं नाही. ते माझंही आहे. पण मी त्याला म्हटलं, "बापाला पानी सोडायला ग्येलास आनि बापाच्या झाडांचं पानी तोडलंस? त्याच पंच्यान?" तो म्हणाला, तेव्हाच तर तिथे कोणी नव्हतं.

मी म्हटलं, लवू आत आहे. तो म्हणाला, "सोरतील त्याला दोन दिवसांत, काय न्हाय होत." मी म्हटलं, मी उद्या जबाब द्यायला जाते. तेव्हा तो म्हणाला, "तू आई हायस का कोन हायस?" मी चप्पल घालून खाली आले.

रात्री रामूभावजी आले. त्यांचं म्हणणं, "वयनी, घरची गोष्ट घरान ठेव. अनोळखी इसम म्हनून लिही, लवूपन सुटेल, मित्यापन सुटेल." पण वनखात्याचे साहेब पंचनाम्याला आले होते तेव्हा सगळ्यांसमोर सांगून गेले आहेत की करणारा सापडला नाही तर समितीवरचा भरवसा संपला, जंगलाला कुंपण पडेल आणि गावाला आत जायची मनाई होईल. कुंपण घाला हो, पण मग मोरीत कोण बुडी मारणार? पानं पिवळी झाली हे कोणाला आधी कळणार? जंगल गावाने राखायचं असेल तर गावातल्या माणसाने केलेलं पाप गावातल्या माणसानेच सांगायला पाहिजे. लवूच्या गळ्यात बांधून, नाहीतर अनोळखी इसमावर ढकलून ते होत नाही. माझी वनखात्याच्या साहेबांना हात जोडून विनंती आहे की समिती मोडू नका. पाणी आता खेळतंय. खाडीकडच्या अंगाला काही झाडांना नवी पालवी दिसते. आतली गेली.

तरी मी सांगते की, मोरी बुजवण्याचं काम लवू याने केलेलं नाही. ते मितेश परशुराम मढवी, राहणार बेव्हर्ली पार्क, मीरा रोड, याने माझे पती वारल्यानंतर क्रियेच्या दिवसांत केलं, आणि तसं तो माझ्या तोंडावर बोलला आहे. लवूला आज सोडा. मी त्याला बरोबर घेऊन जाणार आहे, मंदा बाहेर बाकावर बसली आहे.

पुढच्या ज्येष्ठात ह्यांचं वर्षश्राद्ध येईल. ते मुलाने करायचं असतं आणि मला दुसरा मुलगा नाही. तेव्हा त्याला एक दिवस पायरीपर्यंत येऊ द्याल का, असं मी इथल्या ठाण्याच्या साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, ते पुढचं पुढे बघू.

हा जबाब मॅडमनी मला मराठीत सावकाश वाचून दाखवला. मी ऐकला. मी सांगितलं तेच त्यात आहे, कोणी शिकवलेलं नाही, कोणी धमकावलेलं नाही. एका ठिकाणी 'संशयिताशी असलेले नाते' ही जागा मोकळी सोडली होती. मॅडम म्हणाल्या, ती भरली नाही तरी चालेल. मी तिथे 'आई' असं लिहायला लावलं आणि मग सही केली.

(सही) रखमाबाई परशुराम मढवी