‘द.’च्या पुढचं

(म्हसावद, १९३८. शाळेचा ओटा. पितांबर गुरुजींच्या हातात पोस्टकार्ड.)

सुंदरबाई : बठ्ठं वाचं ना गुरुजी? मंग ते खालनं काबरं सोडी दिन्हं?

गुरुजी : खालचं काय? तुमचा भिला खुशाल आहे, सुरतेला गिरणीत काम जोरात आहे, दिवाळीला येणं जमणार नाही. संपलं कार्ड.

सुंदरबाई : हाई दखा, मन्हा बोटखाले. ‘द’, आन त्याना पुढे.

गुरुजी : तो होय! अहो, शाळेत पाटीवर मांडतो ना आम्ही, ए., द., श.? द. म्हणजे दशक.

सुंदरबाई : पोऱ्या मायले उजळणी धाडी ऱ्हायना का?

गुरुजी : तसं नाही... मग दिशा असेल. शेताच्या कागदावर नाही का, पू., प., द., उ. द. म्हणजे दक्षिण.

सुंदरबाई : ठाऊक शे माले. आमना शेतना दक्षिणले फत्तेसिंगना बांध शे. कार्डमा कसानी दक्षिण? गुरुजी, तुम्हले खोटं बोलता येत नही. कान लाल व्हयी जातस तुमना.

गुरुजी : बसा जरा, सुंदरबाई.

सुंदरबाई : मी उभीच बरी. पहिलं कार्ड उनं तवय तुम्हीच सांगं व्हतं, खाले ‘द. खुद्द’ शे, म्हणजे दस्तुर खुद्द, पोरानी सोताना हाते लिखं. तीन वरीस रोज दखस मी ते. वाचता नही येत, पण वळखू येस. आज ‘द’ना पुढे दुसरंच शे. मन्हा पोऱ्याना हातले काय व्हयनं?

गुरुजी : ‘द. रेवजी’ आहे. खोलीतला सोबती त्याचा. कडेला बारीक अक्षरात माझ्यासाठी लिहिलंय, आईला सांगू नका म्हणून.

सुंदरबाई : सांगा.

गुरुजी : उजवा हात कापड विणायच्या साच्याच्या पट्ट्यात गेला. तीन बोटं गेली. जीव वाचला, बाई. आता खोलीवर आहे.

सुंदरबाई : अरे मन्हा लेक रे! ...जेवस कसा तो?

गुरुजी : डाव्या हाताने. भाकरी रेवजी मोडून देतो.

सुंदरबाई : धाकला व्हता तवय डावा हातेच जेवे. लोके हासेत म्हणीसन मीच तो हात बांधी ठेऊ. रडे, तरी सोडू नही.

गुरुजी : म्हणजे डाव्याची सवय जुनीच आहे त्याला. शिकेल पुन्हा.

सुंदरबाई : लिखा गुरुजी. भिला, आते डावा हाते जेव, डावा हाते लिख. माय आते रागे भराव नही.

गुरुजी : लिहिलं. खाली ‘द. पितांबर’ घालतो.

सुंदरबाई : नका. माले ‘द’ काढाले शिकाडा. तठे मन्हा हात पाहिजे.

गुरुजी : बरं, हा घ्या टाक. वर आडवी रेघ, मग खाली पोट... अहो, डाव्या हातात धरलात.

सुंदरबाई : ठाऊक शे. पहिलं मी काढसू, मंग तो काढी.