वारा पाठीचा

धाकटी : “पाटी दर तासाला पुसायची. परत तेच लिहावं लागलं तरी पुसायची.” बाबा गेले, पण हे वाक्य काही या शेडमधून गेलं नाही. तुला ऐकू येतं का रे दादा?

दादा : येतं. म्हणून तर पुसतो. पण आल्यापासून तू या वाऱ्याच्या पाटीचंच काय काढून बसलीस?

धाकटी : सहज.

दादा : सहज आलीस, सहज शिडं मोजलीस, सहज मागच्या दाराची कडी लावून उघडून पाहिलीस. आणि फोन बाकावर पालथा. माझं बोलणं भरून घेतेस का त्यात?

धाकटी : चोराच्या मनात चांदणं.

दादा : चोर म्हणायला आली असशील तर सरळ म्हण. मला या शिडाची शिवण पुरी करायचीय. चार वाजता दोन बाया शिकायला येणार आहेत. दोघी शाळामास्तरणी. काल फळीवर उभं राहायच्या आधी मलाच ओळीत उभं केलं त्यांनी.

धाकटी : मला पाचच्या आत बंदर कचेरीत कागद द्यायचाय. साहेबांनी निरोप धाडला, तुमच्या यजमानांचा जबाब आला, भावाचा आला, आता शिकवणारी म्हणून तुमचा तेवढा राहिला. तिन्ही जुळले तर अपघात. नाही जुळले तर आपल्या विंडसर्फिंगच्या शाळेचा परवाना बंद, आणि पुढे चौकशी.

दादा : मग लिही की. अपघातच होता.

धाकटी : लिहिते. फक्त एकदा सांग, त्या वेळी तू कुठे होतास.

दादा : जबाबात आहे ते.

धाकटी : परत सांग. पुसून तेच लिही.

दादा : बाबांचे शब्द माझ्यावरच फिरवतेस. ऐक. आठला वारा कुशीचा होता, नऊलाही कुशीचाच. मग ढग सरकले. या पानगळीच्या दिवसांतला वारा तुला ठाऊक आहे, पाहुण्यासारखा बसतो आणि चोरासारखा उठतो. दहाला तो फिरून पाठीचा झाला होता. मी पाटी पुसली, ‘पाठ’ लिहिलं, आणि मागे दोरीवर शिडं वाळत घालायला गेलो. परत आलो तर तुझा घड्याळजी पाण्यात, दोनशे-तीनशे हात आत. मी मोटारबोटीकडे धावलो. मोटार पाऊण तास सुरू झाली नाही. पुढचं तुला माहीत आहे.

धाकटी : साहेबांना कळलं का, पाठ म्हणजे काय ते?

दादा : समजावलं. म्हटलं, आमच्या वडलांनी शेडच्या दारात, पाण्याकडे बघत उभं राहून तीन शब्द ठरवले. वारा पाण्याकडून आला तर तोंडावर लागतो, तो तोंडाचा. पडलात तरी काठाला आणून टाकतो. बाजूने आला तर कुशीचा, शिकायला सगळ्यात चांगला. आणि जमिनीकडून आला तर पाठीवर लागतो. त्यात पाऊल घालायचं नाही, तो माणसाला आत आत ढकलत नेतो. तर साहेब म्हणाले, एवढं सोपं आहे, मग तुमचे मेहुणे पाण्यात गेलेच कसे?

धाकटी : तेच मी यांना विचारतेय. एकोणीस दिवस विचारतेय. ‘माझीच चूक’ याच्यापुढे गाडी सरकत नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. साडेतीन तास दोरी मनगटाला गुंडाळून फळीला धरून राहिले, म्हणून वाचले. पण शीर चेपली ती चेपली. उजव्या हाताची दोन बोटं अजून बधिर आहेत. चिमट्यात केसाएवढं चाक धरणारा हात तो, काल त्यातून चहाचा चमचा सुटला. मी उचलायला वाकले तर म्हणाले, राहू दे, सवय करायला हवी.

दादा : मला कशाला सांगतेस हे?

धाकटी : कारण तू विचारलं नाहीस. बोटीत ओढून तूच घेतलंस, आणि नंतर एकदाही घराची पायरी चढला नाहीस. पोस्टमन येऊन गेला, ज्याचं घड्याळ यांनी दोन वर्षांत वेळेवर दिलं नाही. समोरची म्हातारी येऊन गेली, जिला ऐकूही येत नाही. तू नाही आलास.

दादा : शिवण चुकतेय माझी. जरा गप्प बसशील?

धाकटी : शिवण मघाशीच चुकलीय. एका भोकात तीन टाके घातलेस. ठेव ती बाजूला आणि हे बघ. फोन पालथा होता तो यासाठी. यांची सवय तुला माहीत आहे, पाटी वाचली की तिचा फोटो काढायचा, खाली वेळ उमटावी म्हणून. तू हसायचास. म्हणायचास, घड्याळजी वाऱ्यालासुद्धा किल्ली देतो.

दादा : दहा वाजून चार मिनिटं. पाटीवर ‘पाठ’. अक्षर माझंच. मग, काय खोटं बोललो मी?

धाकटी : पाटी नको बघूस. खाली बघ, उजव्या कोपऱ्यात.

(दादाच्या हातातली सुई थांबते.)

धाकटी : लाल ठिगळाचा गमबूट. सायकलच्या ट्यूबचं ठिगळ, मीच लावून दिलेलं. तू तर मागे शिडं वाळत घालत होतास ना?

दादा : बूट दारात काढून ठेवला असेल.

धाकटी : बुटात पाय आहे, दादा.

दादा : तुला काय वाटतं? मी ढकललं त्याला?

धाकटी : काय वाटावं ते कळत नाही, म्हणून तर कागद कोरा आहे. सहा महिने तू यांच्याशी बोलत नाहीस. एका टेबलाशी जेवायला बसलात तर मीठसुद्धा माझ्यामार्फत. तू यांना पाण्यात पाहतोस हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. त्या दिवशी खरंच पाहिलंस. आणि आदल्या दिवशी धडधाकट असलेली मोटार नेमकी त्याच दिवशी पाऊण तास रुसते. हे सगळं साहेबांपुढे मांडलं तर ते काय म्हणतील?

दादा : मोटारीवर संशय घेऊ नकोस. दोरी ओढून ओढून माझ्या तळहाताचं कातडं निघालं होतं. हे बघ, अजून डाग आहे. तिच्यावर नको, माझ्यावर घे.

धाकटी : घेतलाय.

दादा : मग ऐक. मी इथेच होतो. खडू अजून हातात होता. तो आला, त्याने पाटी वाचली, फोटो काढला. माझ्याकडे पाहिलं नाही, पण मी आहे हे त्याला दिसत होतं. स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, “पाठ. बरं झालं. येताना वारा पाठीवर, दमायला होणार नाही.” आणि मोठं शिड उचलून निघाला.

धाकटी : येताना म्हणाले?

दादा : येताना. आधी वाटलं, मला डिवचतोय. मग उमगलं, याला शब्दच उलटा माहीत आहे.

धाकटी : उलटा कसा असेल? दोन वर्षं मी शिकवलं यांना.

दादा : कुठे शिकवलंस?

धाकटी : पाण्यात. शेजारी दुसरी फळी घेऊन.

दादा : पाण्यात. परतताना काठाकडे तोंड करून. आठव काय सांगायचीस ते.

धाकटी : “वारा पाठीवर आला की घाबरायचं नाही. तो घरी नेतो.”

दादा : बरोबरच सांगितलंस. परतताना बरोबर. दारात उभं राहून वाचला की तोच शब्द उलटा. एरवी पाटी वाचून जायचं की नाही ते तू ठरवायचीस, तो तुझ्यामागून निघायचा. त्या दिवशी पहिल्यांदा एकटा आला.

धाकटी : मी म्हटलं होतं, तुम्ही व्हा पुढे, मी बाजारातून परस्पर येते. म्हणजे मीच...

दादा : थांब. तुझ्यावर ढकलत नाही मी. तू शिकवलंस ते भल्यासाठी, आणि तुला कळलंही नाही. मला कळलं होतं. कळून मी मूग गिळून उभा राहिलो, फरक एवढाच.

धाकटी : किती वेळ?

दादा : शिड लावून फळी पाण्यात घालेपर्यंत. दहा मिनिटं धर. काठाशी पाणी तेलासारखं सपाट होतं. पाठीच्या वाऱ्यात तसंच दिसतं, शेडच्या नि झाडांच्या आडोशाला नुसती झुळूक, आणि आडोसा संपला की कानाखाली वाजवतो तो. आधी म्हटलं, पायाला पाणी लागलं की त्याचं त्याला कळेल. मग म्हटलं, पडेल गुडघाभर पाण्यात, जिरेल जरा. मग तो फळीवर चढला, दांडा धरला, शिड भरलं. एक हाक पुरली असती. सहा महिने ज्याच्याशी बोललो नाही त्याच्यासाठी पहिला शब्द सापडेना. नावाने हाक मारू, मेहुणे म्हणू, की घड्याळजी, हे ठरवता ठरवता तो आडोशाबाहेर गेला.

धाकटी : बाबांचं वाक्य तू नेहमी अर्धंच म्हणतोस. मीही मघाशी मुद्दाम अर्धंच म्हटलं. म्हटलं, बघू तू पुरं करतोस का.

दादा : “पाटी पुसायची, आणि काठाला दिसेल त्याला वारा ओरडून सांगायचा. वैरी असला तरी.”

धाकटी : वैरी कशाला केलास पण त्यांना? एका फळीपायी?

दादा : ती बाबांची पहिली फळी होती. स्वतः रंधा मारून केलेली. मला न विचारता त्याने ती कापली आणि घड्याळं मांडायला फडताळ केलं. सरळ करवत लावली तिला.

धाकटी : करवत मी आणून दिली.

दादा : काय म्हणालीस?

धाकटी : फळी मागे भिजत पडली होती, आतून कुजत चालली होती. निदान घरात राहील म्हणून मीच म्हटलं, कापा. हे म्हणाले, दादांना विचारू. मी म्हटलं, तो नाहीच म्हणेल. तू तणतणत आलास तेव्हा हे माझ्याकडे बघत होते, मी बोलेन म्हणून. मी कणीक मळत राहिले. मग यांनीच सांगितलं तुला, माझीच चूक. तेच शब्द, दादा. आत्ता बोलताना माझ्या ध्यानात येतंय.

दादा : म्हणजे सहा महिने मी भलत्याच माणसाशी अबोला धरला.

धाकटी : आता माझ्याशी धर.

दादा : एका अबोल्याने एवढं केलं. दुसरा झेपायचा नाही मला.

धाकटी : पण यांनी साहेबांना तुझं नाव का नाही सांगितलं? तू दारात होतास हे तर यांना माहीत होतं.

दादा : त्यामुळेच तर डोळ्याला डोळा लागत नाही. रोज वाटतं, आज तो बोलणार, आज कचेरीतून माणूस येणार. तो बोलतच नाही. मग उलटा संशय यायला लागला, हा मला मुद्दाम टांगून ठेवतोय का? मघाशी तुला पिशवी घेऊन वळणावर पाहिलं, आणि खोटं कशाला बोलू, हायसं वाटलं. म्हटलं, आलं एकदाचं.

धाकटी : बोटीत काय बोललात दोघं?

दादा : काही नाही. शोधत होतो ना, तेव्हा लाटांच्या वर काहीच दिसत नव्हतं. तेव्हा मी शब्द दिला. कुणाला, ते विचारू नकोस. म्हटलं, हा जिवंत दिसू दे, पहिला शब्द मी बोलेन. दिसला. मनगटाची दोरी सोडवताना मी तोंड उघडलंही होतं. त्याचे डोळे मिटलेले होते. म्हटलं, आज नको, उद्या.

धाकटी : त्या उद्याला एकोणीस दिवस झाले.

दादा : कागद काढ पिशवीतून.

धाकटी : काय लिहू?

दादा : झालं तसं. बुटासकट. माझा जबाब मी नव्याने लिहून देतो. पाचच्या आत दोन्ही कागद बरोबरच नेऊ.

धाकटी : परवाना जाईल, दादा. ही शेडही जाईल मग.

दादा : जाईल कदाचित. बाबांनी परवाना मिळायच्या आधी दोन वर्षं पाटी टांगली होती.

धाकटी : आणि तुझ्या त्या दोघी मास्तरणी?

दादा : तोवर येतो मी. वाजले किती?

धाकटी : तीन. हे घड्याळ यांनीच लावलंय, मिनिट इकडेतिकडे होणार नाही.

दादा : मग पाटीची वेळ झाली. वारा बघ.

धाकटी : मघाचाच आहे. कुशीचा.

दादा : पुसून परत लिही. आणि कुणी काठाला आलं तर ओरडून सांग. नुसतं कूस म्हणू नकोस, कुठून कुठे तेही सांग.

धाकटी : सांगते. आणि तू कुठे निघालास?

दादा : तुझ्या घरी. जागा असेल ना तो?

धाकटी : जागेच असतात. भिंतीकडे तोंड करून. गेल्यावर पाठच दिसेल तुला.

दादा : असू दे. दारातूनच हाक मारतो.