व्हायोलिनखालचा आवाज

कालियोपी : व्हायोलिन राहू दे, लेफ्तेरी. पन्नास वर्षं लोकांनी तेच ऐकलंय. कुणाचं काही अडलं का?

लेफ्तेरिस : माझं अडलं, ताई. पहिल्या चित्रपटातलं आपल्या बायांचं गावठी रडणं अथेन्समध्ये चालत नाही म्हणून निर्माता उरावर बसला, तेव्हा त्यावर घातलं ते. आता थेसालोनिकीच्या महोत्सवात माझे सगळे चित्रपट दाखवणार आहेत, पहिल्यापासून. मूळ आवाज सापडलाय आणि त्यात आपली आई आहे. तिचा दुसरा आवाज कुठे उरलाय आपल्याकडे?

कालियोपी : ऐकलास तू?

लेफ्तेरिस : नाही अजून. सोमवारी. तिथल्या पोरांनी एकेकीचा शब्द वेगळा काढलाय म्हणे.

कालियोपी : मग संपलंच. घे, पाव खा आधी.

लेफ्तेरिस : विषय बदलू नकोस. चित्रीकरणाला शवपेटीत जिताजागता नट झोपलेला. जिवंतावर रडलं तर त्याचं मरण ओढवतं, म्हणून बाया अडून बसल्या. शेवटी आईनंच तोड काढली : जिनं तिनं आपापल्या मेलेल्याचं नाव घेऊन रडायचं. ती बाबांसाठी रडली. त्यात लपवायचं काय?

कालियोपी : बाबांसाठी नाही रडली.

लेफ्तेरिस : मग?

(कालियोपी टेबलावरचा पावाचा चुरा हातानं गोळा करत राहते.)

कालियोपी : मी तिच्या शेजारीच उभी होते. तुझं नाव घेतलं तिनं.

लेफ्तेरिस : मी तर कॅमेऱ्यामागे होतो. धडधाकट.

कालियोपी : होतास ना. इतक्या वर्षांनी गावात आलास, आणि सगळ्या बायांसारखं तिलाही म्हणालास, ‘बाई, जरा डावीकडे सरका.’

लेफ्तेरिस : कामाच्या गडबडीत गं...

कालियोपी : तिलाही कळत होतं ते. म्हणून तर मरेपर्यंत दर शनिवारी चर्चमध्ये मेणबत्ती लावायची. आपल्या रडण्यानं पोराला काही होऊ नये म्हणून. तू झुरशील म्हणून तुला न सांगण्याची मला शपथ घातली होती.

लेफ्तेरिस : व्हायोलिन काढतो, ताई.

कालियोपी : अरे, सगळा देश ऐकेल.

लेफ्तेरिस : ऐकू दे. खरं तेच बोलली ती. अकरा चित्रपट केले, एवढं खरं माझ्या हातून एकदाही उतरलं नाही. तू म्हणून दाखव ना, तिच्या चालीत. परक्यांसमोर पहिल्यांदा ऐकायची छाती होत नाही माझी.

कालियोपी : मी नाही म्हणणार. तू जिता माझ्यासमोर बसलायस. चल, अंथरूण घालते. आज राहा.