पाण्याची खूण

मी मूळचा माण तालुक्यातला, साताऱ्याकडचा. तिकडं पाऊस म्हंजे पाव्हणा, आला तर आला न्हाईतर न्हाई, आन् असल्या गावचा माणूस हिकडं नव्या मुंबईत येऊन लोकांच्या घरात पाणी शिरू नये ह्याच्यावर पोट भरतोय, नशिबाची गंमत बगा ताई. चुलत्यानं आणलं मला. मी तवा एकोणीस वर्षांचा, नेरूळला बिल्डिंगी उठत व्हत्या, वर चढलं की सारसोळ्याच्या कोळ्यांची वाळत घातलेली जाळी दिसायची आन् पलीकडं खाडी. चुलता कोब्याचा कारागीर, लई कडक, थापी वाकडी धरली की हातावर फटका.

कोबा म्हंजे काय, तर गच्चीवर विटांचे तुकडे सिमेंटात बसवायचे, वरनं सिमेंटचा थर घोटून गुळगुळीत करायचा, ढाळ असा द्यायचा की पाणी आपसूक पाइपाकडं गेलं पायजे. ते झालं की मग परीक्षा. पाइपांची तोंडं चिंध्या कोंबून बंद करायची, गच्चीत घोट्याएवढं पाणी भरायचं, आन् पाणी जिथवर आलं तिथं कठड्यावर पेन्सिलीनं खूण करायची. सात दिवस ते पाणी तसंच ठेवायचं. ऊन थोडं पितंच, म्हणून चुलता शेजारी एक बादली भरून ठेवायचा, बादलीतलं जेवढं उतरंल तेवढंच गच्चीतलं उतरलं पायजे, जास्त उतरलं तर कुठंतरी गळतंय. चुलता म्हणायचा, म्हादू, खूण म्हंजे आपली शपथ हाय, ती खोटी केलीस तर थापी ठेव आन् गावाला जा शेळ्या राखायला.

आन् मी तीच खोटी केली. काय सांगू तुमाला, मला पैलंच स्वतःचं काम मिळालेलं, चार मजली बिल्डिंग, चुलता गावाला गेलेला, माझी बायको शालन बाळंतपणाला माहेरी. पोरगी झाली म्हणून निरोप आला, रविवारी बारसं. चौथ्या दिवशी वर जाऊन बघतो तर बादलीत पाणी नखभर उतरलेलं आन् गच्चीत बोटभर. टाकीच्या कोपऱ्यात, जिथं कठडा आन् कोबा मिळतो तिथनं बारीक बुडबुडे येत व्हते. कळलं मला, न कळायला काय झालं, पाच वर्षं तेच काम करत व्हतो. पण तो कोपरा फोडून परत करायचा, परत सात दिवस पाणी, म्हंजे बारसं गेलं. मी बोटाला थुंकी लावून खूण पुसली, बोटभर खाली नवी मारली, बादली उलटी केली आन् मुकादमाला बोलावून म्हणालो, बगा, पाणी जिथल्या तिथं. मुकादमानं दिवस कुठं मोजलेले, म्हणाला, शाब्बास, सोड पाणी. त्याच दुपारी एसटीत बसलो. पोरीचं नाव सरिता ठेवलं, पेढे वाटले, सगळं गोड झालं.

पुढं बिल्डिंगीत लोक राहायला आली. वरच्या मजल्यावर पाटकर सर आले, शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झालेले, बायको वारलेली, पोरगी नाशिकला. त्यांनी सोसायटीची परवानगी काढून अर्ध्या गच्चीवर वीतभर माती पसरली. कुंड्या न्हाईत हां, गच्चीच मातीची केली, कडेनं विटा लावून, आन् त्यात हरळी, घोळ, पानफुटी, चिनी गुलाब, असली कमी पाण्यावर तग धरणारी झाडं. माती वर चढवायला मलाच बोलावलं. मी म्हणालो, सर, ह्या गवताचं करायचं काय, ना फळ ना सावली? सर म्हणाले, कळंबोलीला ट्रकांची रांग बघितलीस ना, त्या धुरात कार्बन असतो, तो हवेत जातो. झाड हवेतला कार्बन घेतं, त्याचंच पान करतं, त्याचंच मूळ करतं, मूळ कुजलं तरी त्यातला थोडा मातीत साठून राहतो. शहरात जमीन नाही उरली, पण गच्च्या आहेत की. मी हसलो, म्हटलं, ह्या हरळीनं कळंबोलीचा धूर संपतोय व्हय! सरही हसले, म्हणाले, एका ट्रकचंसुद्धा भागणार नाही रे, पण तू एवढ्या गच्च्या करतोस, मोज की किती आहेत. तवापास्नं त्या भागात काम असलं की मी भाकरी खायला तिथंच जायचो, उन्हात बाकीच्या गच्चीवर पाय ठेववायचा न्हाई आन् ती माती गार लागायची.

तीन पावसाळे निभावले, मग चौथ्याला सरांच्या शेजारच्या घरात गळायला लागलं, देव्हाऱ्यामागची भिंत पार काळी. आता पाणी कोब्यात एकीकडनं शिरतं आन् पार दुसरीकडं बाहेर पडतं, हे कारागिराला म्हाईत, लोकांना कुठनं म्हाईत असणार? लोकांनी वर बघितलं, वर बाग. खाली पार्किंगमध्ये मीटिंग लागली, मला बोलावलं. सेक्रेटरी म्हणाले, म्हादू, कोबा तुझा आहे, तूच सांग कशानं गळतंय. सगळे माझ्याकडं बघायला लागले, सर पण. त्यांच्या तोंडावर जरासुद्धा टेन्शन नव्हतं ताई, त्यांना वाटलं म्हादू खरं तेच सांगंल. माझ्या डोळ्यापुढं तो टाकीचा कोपरा आला, बुडबुड्यांसकट. सहा-सात सोसायट्यांची कामं मला एकमेकांच्या तोंडी मिळालेली, इथं नाव गेलं की सगळीकडं गेलं, पोरगी बालवाडीत जायला लागलेली. मी म्हणालो, मुळं, साहेब. मुळांनी कोबा फोडला.

बाग काढायचं काम पण मलाच. लाज बगा कशी असती, न्हाई म्हणायला पण तोंड पायजे. माती काढली, खाली कोबा काय दिसला म्हणता, कालच घोटल्यासारखा. ऊन न्हाई, तडा न्हाई, मातीनं त्याला जपलेलं. माझ्याच हातचं एवढं चांगलं काम आन् मला घाम फुटला, कारण सेक्रेटरी आता वर येऊन बघणार. मी बिगाऱ्यांना चहाला पाठवलं आन् छिन्नी-हातोडा घेऊन पाच-सहा जागी तो कोबा फोडला. फोडताना रडू आलं मला, खोटं न्हाई सांगत. सेक्रेटरी आले, म्हणाले, बघा, म्हादू बरोबर बोलला. मागनं सर आले. ते उकिडवे बसले, चष्मा कपाळावर चढवून एक तुकडा उचलला, हिकडनं तिकडनं बघितला आन् खिशात टाकला. मी फुटलेलं भरलं आन् कुणाचं लक्ष नसताना टाकीचा कोपरा पण नीट करून टाकला. गळती थांबली. लोक म्हणाले, बाग काढली म्हणून थांबली.

ती झाडं शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर टाकलेली, वाळली आन् कुणीतरी काडी लावली. मी समोरच्या बिल्डिंगीत गिलावा करत व्हतो. धूर सरळ सरांच्या गॅलरीत जात व्हता आन् सर तिथंच उभे, खिडकी लावली न्हाई. खाली उतरलो तर मला म्हणाले, म्हादू, चार वर्षं साठवलेलं एका दुपारी परत केलं बघ. एवढंच म्हणाले. मी म्हणालो, व्हय सर, आन् मान खाली घालून निघालो, सांगायचं तर तवाच सांगायला पायजे व्हतं.

वर्षानं सर नाशिकला पोरीकडं जायला निघाले, सामान उतरवायला मी गेलो, हमाली घेणार नव्हतो. कपाट टेम्पोत चढवलं तर त्यांनी मला बाजूला घेतलं आन् हातात तो तुकडा दिला. म्हणाले, ह्याची कड बघ, पांढरी स्वच्छ आहे. मुळानं फोडलं असतं तर तड्यात माती गेली असती, मुळाचा एखादा तंतू तरी चिकटला असता. म्हटलं, सर, म्हाईत व्हतं तर तवाच सगळ्यांसमोर बोलला का न्हाई? तर म्हणाले, तू बोलशील म्हणून थांबलो होतो. वर्षभर थांबलो. मी त्यांचे पाय धरायला वाकलो तर त्यांनी खांद्याला धरून उठवलं, पानफुटीचं एक पान दिलं, म्हणाले, कुठंही टाक, जगेल. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांचा पत्ता मी घेतलाच न्हाई, धीरच झाला न्हाई विचारायचा. ते सेक्रेटरी अजून सांगतात, गच्चीवर माती नको, आमची बिल्डिंग गळली. आजूबाजूच्या सोसायट्यांनी ऐकून ऐकून तसाच नियम केला. टाकीवर चढलो की सगळ्या गच्च्या दिसतात, नुसत्या उन्हात भाजणाऱ्या, आन् मी त्या मोजतो, सरांनी मोज म्हटलेलं. तो नियम माझ्या एका शब्दानं झालेला हाय. पानफुटी जगली, इथं सानपाड्याला माझ्या पत्र्यावर डबड्यांतनं पसरलीय, सरिता पाणी घालती. तिला वाटतं बापाला झाडांची हौस.

तुमची नवी सोसायटी गच्चीवर बाग करायची म्हणती आन् कोबा मी घालावा म्हणून तुमी आलात, म्हणून आज हे बोललो, चुलत्याला न्हाई सांगितलं, शालनला न्हाई. एवढं ऐकून पण काम द्यायचं असंल तर द्या. कोबा मन लावून घालीन, पाणी सात दिवस ठेवीन, बादली पण ठेवीन. खूण मात्र ताई तुमी स्वतः वर येऊन करा, आन् पेन्सिल जाताना घरी घेऊन जा.