अजान संपल्यावरचा सूर

तुम्ही सुराच्या गप्पा मला सांगू नका, मी साउंडवाला माणूस आहे. सूर पक्का म्हणजे काय, ते मला एका नऊ वर्षांच्या ओमानी मुलीने दाखवलं. मुलांच्या आंतरराष्ट्रीय गाण्याच्या स्पर्धेत ती ओमानकडून उतरणार होती. ओमानमधल्याच अल हैलच्या एका हॉलमध्ये तिचं रेकॉर्डिंग चाललं होतं आणि मी घड्याळ बघायला विसरलो. ऐन अंतऱ्यात शेजारच्या मशिदीत अजान सुरू झाली. अजान चालू असताना इथे कोणी संगीत वाजवत नाही, म्हणून मी झटकन साथीचा ट्रॅक थांबवला. तीही अर्ध्या ओळीत गप्प झाली.

अजान संपल्यावर आमचा अर्बाब, म्हणजे मालक, म्हणाला, "यल्ला, चला, पहिल्यापासून."

तिने नको म्हणून मान हलवली आणि जिथे थांबली होती त्याच शब्दापासून गायला लागली, साथीशिवाय. मधे दुसरा सूर कानात बसला की आधीचा भल्याभल्यांना सापडत नाही. मी धास्तावूनच थांबवलेला ट्रॅक तिथून पुन्हा सुरू केला. तो तिच्या आवाजात असा मिसळला की माझ्या अंगावर काटा आला.

नंतर विचारलं, "बेटा, हे जमलं कसं?"

तिला प्रश्नच कळेना. म्हणाली, "अंकल, आमचं घर मशिदीला लागून आहे. मी रोज असंच गाते."